ध्वनिफितीवर चित्र कसे मावले?

एखादी वस्तू स्वस्त आहे असे कळले की आपल्या मनात प्रथम शंका येते. ती तकलादू असेल, किंवा तिच्यात काही तरी खोट असेल असे आपण धरून चालतो. पण स्वस्ताईचे आणखी एक कारण असू शकते. वस्तू तयार करणाऱ्याने काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे याचा नीट हिशेब केलेला असतो. असा हिशेब उलगडून पाहणे हा पदार्थविज्ञानाचा उत्तम अभ्यास आहे. त्यासाठी आपण एक खेळण्यातला कॅमेरा घेऊ.

अमेरिकेतील फिशर-प्राइस या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९८७ साली पीएक्सएल-२००० नावाचा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या घडणीमागची मूळ कल्पना जेम्स विकस्टेड या संशोधकाची. मोठ्यांच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला त्या वेळी हजार डॉलर किंवा अधिकही मोजावे लागत; हा कॅमेरा दोनशे डॉलरांच्या आत मिळे. मुलाच्या हातात मावेल एवढा, पेन्सिल सेलवर चालणारा. गंमत अशी की, त्यात गाण्यांची साधी ध्वनिफीत, म्हणजे ऑडिओ कॅसेट, घालायची आणि तिच्यावर चित्र व आवाज दोन्ही नोंदवायचे!

अशा कॅसेट आजही काही घरांच्या कपाटांत सापडतात. पण तिच्यावर चित्र नोंदवणे वाटते तितके सोपे नाही. का, ते आधी पाहू.

फितीची मर्यादा

ध्वनिफितीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये एक अतिशय अरुंद फट असते. फीत तिच्यासमोरून सरकताना विद्युतसंकेतातील चढउतार फितीवर चुंबकीय चढउतारांच्या रूपाने उमटतात. एका पूर्ण चढउताराने फितीवर व्यापलेल्या लांबीला आपण तरंगलांबी म्हणू. मग ओळखीचेच सूत्र लागू पडते :

तरंगलांबी = फितीचा वेग ÷ वारंवारता

कॅसेटमधील फीत सेकंदाला ४.७६ सें.मी. सरकते. चांगल्या यंत्रावर सुमारे १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवता येतो. भागाकार केलात तर तरंगलांबी सुमारे ३.२ मायक्रोमीटर येते. याहून फार लहान तरंग हेडला वाचता येत नाहीत. तरंगलांबी फटीच्या रुंदीइतकी झाली, तर फटीसमोर एकाच वेळी तरंगाचा उंचवटा व खळगा दोन्ही येतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात.

आता चित्राकडे वळू. अमेरिकेतील त्या काळच्या दूरचित्रवाणीत दर सेकंदाला ३० चित्रे, प्रत्येक ५२५ रेषांचे, दाखवली जात. एवढा तपशील वाहून नेण्यासाठी चित्रसंकेताची वारंवारता सुमारे ४२ लाख हर्ट्झपर्यंत पोहोचे. वरच्या सूत्रात तरंगलांबी ३.२ मायक्रोमीटर ठेवा व वेग काढा. उत्तर येते सेकंदाला सुमारे १३ मीटर, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. रस्त्यावरच्या एस.टी. बसच्या वेगाने फीत पळवावी लागेल! ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम १२८ मीटर फीत असते. तिची एक बाजू दहा सेकंदांत संपेल.

व्हीएचएस पद्धतीच्या व्हिडिओ यंत्रात ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवलेली असे. फीत सावकाशच सरके. पण हेड ६२ मि.मी. व्यासाच्या ढोलावर बसवलेले असत आणि अमेरिकेतील यंत्रांत तो ढोल सेकंदाला ३० फेरे घेई. त्यामुळे हेड व फीत यांच्यातला सापेक्ष वेग सेकंदाला जवळजवळ ५.८ मीटर होई. उपाय उत्तम, पण असा ढोल अतिशय अचूक बनवावा लागतो. खेळण्याच्या किमतीत तो बसणे शक्य नव्हते.

काय सोडून दिले?

विकस्टेड यांनी दोन्हीकडून तडजोड केली. फितीचा वेग नऊपट वाढवला, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ सें.मी. केला. त्याच वेळी चित्र फार लहान केले. प्रत्येक चौकटीत आडवे १२० व उभे ९० असे चित्रबिंदू, सेकंदाला १५ चौकटी, आणि रंग नाही. फक्त काळे, पांढरे व मधले करडे.

हे गणित आता तुम्ही स्वतः करा. १२० × ९० × १५ = १,६२,००० चित्रबिंदू दर सेकंदाला. एक उजळ व एक काळा असे दोन बिंदू मिळून एक चढउतार होतो. तेव्हा संकेताची वारंवारता जास्तीत जास्त ८१,००० हर्ट्झच्या आसपास जाईल. आणि ४३ सें.मी. वेगाने पळणाऱ्या फितीची कुवत किती? ४३ सें.मी. भागिले ३.२ मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे १,३४,००० हर्ट्झ. चित्र फितीवर मावले! रेषा व चौकट कोठे सुरू होते याच्या खुणा नोंदवायलाही जागा उरली. स्टिरिओ ध्वनिफितीवर एका बाजूला दोन मार्ग असतात. त्यांपैकी एकावर चित्र व दुसऱ्यावर आवाज अशी सोय झाली.

गुण आणि दोष एकाच मुळाचे

या हिशेबातून कॅमेऱ्याचे गुणदोष आपोआप बाहेर पडतात. फीत कोपऱ्यावरच्या दुकानातली चालते, हा मोठा गुण. पण ती नऊपट वेगाने संपते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू सुमारे पाच मिनिटांत आटोपते. हेड स्थिर असल्यामुळे यंत्र साधे होते. पण फितीच्या वेगात जराशी थरथर झाली की चित्रातील रेषाही थरथरतात. गाण्यात जी खरखर कानाला जाणवते, ती येथे डोळ्यांना पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते.

तपशिलाचे काय होते, तेही पाहू. समजा, १२० सें.मी. रुंदीचा फळा चौकटीत बरोबर बसवला. मग एक चित्रबिंदू फळ्यावरच्या एका सेंटिमीटरएवढा झाला. पाच सें.मी. उंचीचे अक्षर पाच बिंदूंत दाखवायचे! अनुस्वार तर नाहीसाच होईल, आणि मात्रा व वेलांटी यांतला फरक कळणार नाही. मात्र माणसाच्या चेहऱ्याने चौकट भरली, तर तो सहज ओळखू येतो.

भिंगाची गोष्ट आणखी मजेदार आहे. या कॅमेऱ्यात भिंग पुढेमागे सरकवून चित्र रेखीव करण्याची सोय नाही. तरीही बरेच चालते. कसे? समजा, भिंगाचे नाभीय अंतर ५० मि.मी. आहे. अनंत अंतरावरील वस्तूची प्रतिमा ५० मि.मी.वर, तर एक मीटरवरील वस्तूची ५२.६ मि.मी.वर पडते. भिंग अडीच मि.मी.हून जास्त हलवायला हवे. पण नाभीय अंतर ५ मि.मी. असेल, तर हा फरक फक्त ०.०२५ मि.मी. होतो. लहान कॅमेऱ्यात भिंगही लहान नाभीय अंतराचे असते, म्हणून ते न हलवता भागते. शिवाय चित्रबिंदूच मोठे असल्यामुळे त्यांहून लहान अंधुकपणा दिसून येत नाही. एका उणिवेने दुसरी उणीव झाकली, असे म्हणायला हरकत नाही.

मोजमापाला उपयोगी पडेल का?

विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. समजा, अशा कॅमेऱ्याने गुरुत्वत्वरण g काढायचे आहे. दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडला तर तो ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो. एवढ्या वेळात आपल्याला नऊ-दहाच चौकटी मिळतात. वेळ मोजण्यात एका चौकटीची, म्हणजे ०.०६७ सेकंदाची चूक होऊ शकते. ती दहा टक्क्यांहून थोडी जास्त झाली. g काढताना वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तर ९.८ ऐवजी ८ किंवा १२ देखील येईल. त्यावरून कोणी ‘आमच्या गावात g वेगळा आहे’ असे म्हणू लागला, तर दोष गावाचा नाही!

आता तोच कॅमेरा एक मीटर लांबीच्या लंबकासमोर ठेवा. लंबकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद. वीस आंदोलने टिपली तर ४० सेकंद लागतात. एका चौकटीची चूक आताही ०.०६७ सेकंदच आहे. पण ४० सेकंदांत ती अर्ध्या टक्क्याच्याही बरीच खाली येते. दोरीची लांबी काळजीपूर्वक मोजली असेल, तर g मधील चूक एका टक्क्याच्या आत राहील. कॅमेरा तोच, चूक तीच. पण प्रयोग विचारपूर्वक निवडला म्हणून उत्तर विश्वासार्ह झाले. उपकरण चांगले की वाईट हे नुसत्या उपकरणावरून ठरत नाही. त्याला काय विचारायचे, हे ठरवल्यावरच ते ठरते.

बाजारात मात्र हा कॅमेरा टिकला नाही. थोड्याच काळात त्याचे उत्पादन थांबले. पण काही चित्रपटकारांना त्याचे धुरकट, स्वप्नातल्यासारखे चित्र आवडले. अमेरिकेतील सेडी बेनिंग यांनी किशोरवयातच त्यावर लघुपट केले. मायकेल आल्मेरेडा यांच्या १९९४ च्या ‘नाद्या’ या चित्रपटातील काही भाग याच कॅमेऱ्याने टिपलेला आहे. मोजमापाच्या दृष्टीने जी उणीव, ती त्यांच्या कामाला उपयोगी पडली.

आज साधा मोबाइल फोनही १९२० × १०८० बिंदूंच्या ३० चौकटी दर सेकंदाला टिपतो. गुणाकार केलात तर पीएक्सएल-२००० च्या ३८४ पट माहिती होते. तरीही फोन ती सगळी साठवत नाही. एका चौकटीतून दुसरीत जे बदलले नाही ते पुन्हा लिहायचे टाळतो, आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा बारकावा गाळतो. म्हणजे काय सोडायचे हा हिशेब अजून चालूच आहे. फक्त तो आपल्या नजरेआड गेला आहे. काही फोन तर उजेड कमी झाला की सेकंदाला टिपायच्या चौकटीही कमी करतात. फोनवरून वेळ मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि प्रयोग भरपूर उजेडात करावा.

करून पाहा

१) फोनने सेकंदाला ३० चौकटी टिपून दोन मीटरवरून पडणारा चेंडू पाहा. एका चौकटीच्या चुकीने g किती बदलेल ते आधी कागदावर काढा. मग प्रत्यक्ष उत्तराशी ताडून पाहा.

२) छताचा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो. सेकंदाला १५ चौकटी टिपणाऱ्या आणि प्रत्येक चौकट अगदी क्षणभरच उघडणाऱ्या कॅमेऱ्याला तो कसा दिसेल? पंख्याचा वेग किंचित कमी केला तर पाती कोणत्या दिशेला सरकताना दिसतील? एका पात्यावर रंगीत कागद चिकटवला तर उत्तर बदलेल का? वर्गात चर्चा करा. कागद चिकटवताना पंखा बंद ठेवावा आणि शिक्षकांना बरोबर घ्यावे.