पोटाचे अस्तर आणि पोटदुखी

कोटाला आतून अस्तर असते, तसे आपल्या पोटालाही असते. या पातळ, गुळगुळीत, ओलसर पडद्याला पेरिटोनियम किंवा उदरावरण म्हणतात. त्याचा एक थर पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो, तर दुसरा जठर, यकृत, आतडी यांच्यावर असतो. मध्ये थोडासा द्रव असतो, म्हणून आतडी न घासता हलतात. हा पडदा उलगडून पसरला, तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा भरेल.

आतड्यांवरच्या थराला दुखण्याची नेमकी जागा कळत नाही, भिंतीच्या थराला कळते. म्हणूनच अपेंडिक्स सुजले की आधी बेंबीभोवती दुखते आणि काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली उतरते. सूज भिंतीच्या थरापर्यंत पोहोचल्याची ही खूण आहे.

अपेंडिक्स फुटले, अल्सरमुळे जठराला किंवा टायफॉइडमुळे आतड्याला भोक पडले, तर आतली घाण पडद्यावर पसरते. हाच पेरिटोनायटिस. पडदा मोठा असल्याने विष लवकर रक्तात जाते आणि जीव धोक्यात येतो.

अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळू नका, एरंडेल पाजू नका. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. फुटल्यावर दुखणे थोडा वेळ कमीही होते. त्याला बरे झाले समजू नका.

धोक्याच्या खुणा:
१. पोट फळीसारखे कडक होणे.
२. खोकताना, हलताना कळ येणे. रुग्ण पाय पोटाशी घेऊन पडून राहणे.
३. ताप, उलट्या, पोट फुगणे, वारा न सरणे.
४. पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात एकाएकी कळ येऊन चक्कर येणे. गर्भ नळीत राहून नळी फुटल्याने पोटात रक्त साचत असू शकते.

यातली एकही खूण दिसली, तर खायला-प्यायला काही देऊ नका. 108 वर फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. दुखणे कधी, कुठे सुरू झाले, कोणती गोळी घेतली, हे डॉक्टरांना सांगा.

या पडद्याला क्षयरोगही होतो. बारीक ताप, घटते वजन आणि पाण्याने हळूहळू वाढणारे पोट दिसले, तर तपासून घ्या. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

रोजी बुडेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. एक खाडा भरून काढता येतो, गेलेले माणूस परत येत नाही.