आहारविकार आणि पडद्यावरील उपचार

ताट स्वच्छ करून उठावे, अन्नाला नावे ठेवू नयेत, हा आमच्या घरचा संस्कार. त्यामुळे मानसशास्त्राच्या तासाला आहारविकारांचे नाव प्रथम ऐकले, तेव्हा हे सुखवस्तू लोकांचे चोचले असावेत असे मला वाटले. थोडे वाचन केल्यावर हे मत मला बदलावे लागले.

१८७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केले. यात रोगी वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडतो. ‘बुलिमिया नर्व्होसा’ या विकारात तो अनावरपणे खातो व पुष्कळदा उलटी करून ते बाहेर टाकतो. त्याचे वर्णन १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी केले. या विकारांनी माणसे दगावतात. चोचल्यांनी कोणी दगावत नाही.

२०२० च्या साथीत ब्रिटनमधील अनेक केंद्रांना हे उपचार व्हिडिओद्वारे करावे लागले. तेथील तरुणांचे अनुभव संमिश्र आहेत. प्रवास वाचला, परक्या जागेचे दडपण गेले. लहान वयाच्या रोग्याला जेवू घालण्याची जबाबदारी आईवडिलांवर सोपविणारी एक उपचारपद्धती आहे. तीत डॉक्टरांना घरचे जेवणाचे टेबलच पाहता येऊ लागले.

दुसरी बाजूही आहे. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा सतत दिसतो. ज्याला स्वतःच्या शरीराचाच तिटकारा आहे, त्याला हा आरसा कसा सोसावा? डॉक्टरांना केवळ चेहरा दिसतो, म्हणून खंगलेले शरीर लपविता येते. शिवाय भिंतीपलीकडे घरची माणसे ऐकत असतील, ही धास्ती असतेच.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाबाबत मोफत बोलता येते. परंतु दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तेथे मुलीने बोलावे कोठे? यंत्र उपचार घरापर्यंत आणते, एकांत आणीत नाही. आपल्या महाविद्यालयाने दार लावून बसता येईल अशी एक खोली त्यासाठी मोकळी ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

आणि आपणही एक करू शकतो. एखादी मैत्रीण रोज भरला डबा परत नेत असेल, तर ‘किती बारीक झालीस!’ असे कौतुक करण्याआधी तिच्याजवळ घटकाभर बसावे.