बोलणारा वाघ आणि उसातला वाघ

मुक्या प्राण्यास मनुष्याची वाचा, मनुष्याची बुद्धी व मनुष्याचे विकार लावून बोलणे, ह्यास मनुष्यधर्मारोप असे म्हणता येईल. शब्द जड आहे, परंतु वस्तू आपल्या घरातलीच आहे. मूल बोलू लागले की आपण त्यास चिमणीला चिऊताई म्हणावयास शिकवितो, कोल्ह्याचा कोल्होबा व वाघाचा वाघोबा करितो. ताई हे नात्याचे व बा हे आदराचे चिन्ह होय. म्हणजे गोष्ट सुरू होण्यापूर्वीच प्राणी आपल्या भावकीत येऊन बसला!

ह्या रीतीचा उपयोग मोठा आहे. मनुष्याचा दोष त्याच्या तोंडावर सांगितला तर तो रागावतो; कोल्ह्याच्या नावावर घातला तर हसत हसत ऐकून घेतो. पंचतंत्रातील करटक व दमनक हे वस्तुतः दरबारी लोक आहेत. त्यांस शेपूट आहे इतकेच. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणिली. तीतील कोल्हे व लांडगे असेच आपल्या ओळखीची माणसे होत. शास्त्यांच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात झाडे राजा निवडतात व काटेरी झुडूप बोलू लागते. पण ते बोलणे अबीमलेखाविषयी आहे, हे योथाम पुढे स्वतःच उलगडून सांगतो. ज्याने गोष्ट ऐकून झुडपावर कुऱ्हाड चालविली, त्यास गोष्ट कळली नाही.

ही कुऱ्हाड चालविण्याची चूक आमच्या घोडेगावच्या बाजूस घडते, म्हणून हा विषय घेतला आहे. घोडनदीच्या वरच्या अंगास, सह्याद्रीच्या गावांत, महादेव कोळी लोक आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळितात. तीतील समजूत अशी की, वाघ हा शेजारी आहे. त्यास मान दिला तर तोही आपली मर्यादा पाळील. लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीतला वाघही तिच्या शब्दावर वाट पाहत बसतो. आता डिंभे धरणाच्या पाण्याने खालच्या अंगास ऊस वाढला आहे आणि उसात बिबट्या राहतो, तेथेच पिले घालतो. कोणास इजा झाली की लोक म्हणतात, ह्याने सूड घेतला, ह्यास हद्दपार करा. शेजाऱ्याचा एकाएकी गुन्हेगार झाला; मनुष्य मात्र तो दोन्ही वेळा राहिलाच.

ह्या बोलण्याचा परिणाम केवळ बोलण्यापुरता नाही. जुन्नर वनविभागात, ज्यात आंबेगाव तालुकाही येतो, २००१ ते २००३ ह्या काळात पुष्कळ बिबटे धरून निरनिराळ्या रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा अभ्यास केला. १९९३ पासून २००१ पर्यंत मनुष्यांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होते. बिबटे हलविण्याचे सुरू झाल्यावर ते सरासरी १७ झाले. हद्दपारी मनुष्यास समजते; बिबट्यास आपले ओळखीचे रान तेवढे समजते. त्यातून उचलून परक्या जागी सोडलेले जनावर शिक्षा भोगीत नाही, ते गोंधळते व भटकते.

शेतकरी वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ऊसतोडीच्या वेळी सरीत पिले सापडतात व जवळ मादी दिसत नाही. तेव्हा कोणी म्हणतो, आई निर्दय, टाकून गेली. कोणी दयेने ती पिले घरी उचलून नेतो. दोघेही तिला आपल्यासारखी समजतात. ती शिकारीस गेलेली असते, अथवा माणसांच्या गलबल्याने जवळच दडलेली असते. पिलांस हात न लावता, तोड थांबवून वनखात्यास कळवावे. जुन्नरजवळील माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील वैद्य व वनखात्याची माणसे पिले तपासून, सापडली त्याच शेतात सायंकाळी टोपलीखाली ठेवितात व दूर होतात. काळोख पडल्यावर मादी येते, टोपली उलथविते, आणि एकेक पिलू मानेस धरून घेऊन जाते.