चहाची बरणी आणि ऊन

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या विज्ञान-मंडळापुढें एक तक्रार आली. आठवींतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींचें म्हणणें असें होतें कीं, नेहमींच्या दुकानदारानें चहांत भेसळ करण्यास आरंभ केला आहे. पुडी फोडतांच येणारा घमघमाट पंधरा दिवसांत नाहींसा होतो, आणि पूर्वीं असें कधीं होत नसे. चौकशी करतां कळलें कीं, पूर्वीं चहा पत्र्याच्या डब्यांत राहत असे. तो डबा गंजल्यामुळें त्याची जागा एका सुबक कांचेच्या बरणीनें घेतली होती, आणि ती बरणी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकींत, कांचेच्या तावदानाशीं मांडलेली होती. बिचाऱ्या दुकानदाराचें एक जुनें गिऱ्हाईक तुटण्याची वेळ आली होती. त्यास दोषी ठरविण्यापूर्वीं खिडकीची साक्ष घ्यावी, असें आम्हीं ठरविलें.

ऊन म्हणतांच उजेड आणि ऊब या दोनच गोष्टी आपल्या मनांत येतात. परंतु उन्हांत आणखी एक भाग असतो, जो डोळ्यांस दिसत नाहीं व अंगास तत्काळ जाणवतही नाहीं. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें सूर्याच्या वर्णपटांत तांबड्या रंगाच्या बाहेर उष्णता देणारे अदृश्य किरण असल्याचें दाखविलें. तेव्हां जर्मनींतील येना येथील योहान विल्हेल्म रिटर या तरुणाच्या मनांत आलें कीं, दुसऱ्या टोकासही कांहीं असलें पाहिजे. १८०१ सालीं त्यानें सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद वर्णपटांत धरला. तों जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस नुसता अंधार दिसत होता, तेथेंच तो सर्वांत लवकर काळा पडला. हेच जंबुपार किरण. हल्लीं यांस अतिनील किरण म्हणतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. दृश्य जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारें ४०० नॅनोमीटर भरते, जंबुपार किरणांची त्याहून कमी. तरंग जितका आखूड, तितकें प्रकाशाच्या प्रत्येक पुंजाचें बळ अधिक. म्हणूनच हे किरण रेणूंची घडी मोडूं शकतात.

आतां चहाकडे वळूं. चहाच्या कोवळ्या पानाच्या शुष्क वजनाचा चौथ्यापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतचा भाग तुरट द्रव्यांचा असतो. त्यांत कॅटेकिन-वर्ग प्रमुख होय. टोकियो येथील रिकेन संस्थेंत मिचियो त्सुजिमुरा या विदुषीनें १९२९ मध्यें हिरव्या चहांतून कॅटेकिन वेगळें काढलें, आणि १९३२ मध्यें शेतकीशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी मिळविणारी ती जपानांतील पहिली स्त्री ठरली. आमच्या विद्यार्थिनींनीं हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. तुरट द्रव्यांशिवाय तरतरी आणणारें कॅफीन असतें, व जिभेवर गोडसर रुचि ठेवणारें थिअ‍ॅनिन असतें.

पान झाडावर असतें तोंवर ऊन त्याचें वैरी नव्हे. थिअ‍ॅनिन मुळांत तयार होऊन पानांत चढतें; तेथें ऊन मिळालें कीं त्याचा कांहीं भाग मोडून कॅटेकिन घडविण्याच्या कामीं येतो. जपानांतील उजी प्रांतींचे मळेवाले ही गोष्ट रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीं अनुभवानें जाणत होते. 'ग्योकुरो' नांवाच्या उंची चहासाठीं ते खुडणीपूर्वीं सुमारें वीस दिवस झुडपांवर बोरूच्या चटयांचें वा गवताचें छत घालीत. सावलींतील पानांत तुरटपणा कमी भरतो व थिअ‍ॅनिन शिल्लक राहतें. जंबुपार किरणांस अडविणारीं फ्लॅव्होनॉल नांवाचीं द्रव्येंही उन्हांतील पानांतच अधिक सांपडतात. शेतकरी उन्हांत जातांना डोईवर मुंडासें घेतो, त्यांतलाच हा प्रकार!

परंतु खुडलेल्या व वाळलेल्या पानास नवें मुंडासें कोठून मिळणार? कॅटेकिन २८० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषून घेतें. त्याच्या पाण्यांतील द्रावणावर असे किरण पाडले असतां कांहीं रेणूंची आंतील मांडणी फिरून त्यांचें एपिकॅटेकिन बनतें: परमाणु तेच, संख्या तीच, बैठक मात्र निराळी. कांहीं रेणु तर पार मोडून जातात.

हें वाचून आमचीं मुलें खिडकीस दोषी ठरवून मोकळीं होणार, तोंच एका मुलानें अडचण काढली. साधी कांच सुमारें ३१० नॅनोमीटरच्या खालचे किरण बहुतेक सगळे अडविते. मग तावदान आणि बरणी अशा दोन कांचांतून २८० चे किरण आंत शिरले कसे? प्रश्न रास्त होता, आणि उत्तर शोधण्यास आम्हांस दोन दिवस लागले. कांचेंतून लांब तरंगांचे जंबुपार किरण व दृश्य प्रकाश हे सुखानें पार होतात. कॅटेकिन त्यांस फारसें शोषीत नाहीं. पण चहांत रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, थोडेंसें असतें, आणि हरितद्रव्याचे अवशेषही असतात. हीं द्रव्यें दलालाचें काम करितात: प्रकाशाचें बळ स्वतः घेऊन तें हवेंतील प्राणवायूच्या हवालीं करितात. असा चेतलेला प्राणवायु तुरट द्रव्यांवर व पानांतील मेदद्रव्यांवर तुटून पडतो. मेदद्रव्यें मोडून नवीं वासाचीं द्रव्यें होतात, व मूळचा सुगंध बिघडतो. आपल्या घरच्या काळ्या चहांत बहुतेक कॅटेकिन कारखान्यांतच पालटलेलें असतें, म्हणून तेथें मुख्य नुकसान वासाचें. कॅफीन मात्र सहसा ढळत नाहीं. म्हणून तसला बेचव चहाही झोंप उडवितोच.

पूर्वीं चहाच्या लांकडी पेट्यांस आंतून शिशाचा पातळ पत्रा लावीत. तो ओल आणि हवा अडवी, तसाच उजेडही अडवी.

तथापि ऊन म्हणजे उष्णताही आली. तेव्हां दोष प्रकाशाचा कीं उबेचा, हें वेगळें कसें काढावें? त्याच दुकानदाराकडून एक पुडी आणून आम्हीं तिचे तीन सारखे भाग केले. एक उघड्या कांचेच्या बरणींत, दुसरा काळा कागद गुंडाळलेल्या तशाच बरणींत, तिसरा पत्र्याच्या डब्यांत घालून सर्वांचीं झाकणें घट्ट लाविलीं. दोन्ही बरण्या त्याच खिडकींत शेजारीं शेजारीं ठेविल्या, डबा कपाटांत. महिन्यानें त्या मातोश्रींस बोलावून, कोणता कोठला हें न सांगतां, तिन्ही चहा त्यांच्यापुढें ठेविले. डब्यांतला त्यांनीं पहिला ठरविला, काळ्या कागदांतला दुसरा. उघड्या बरणींतला एक घोट घेऊन बाजूस सारला. म्हणजे उबेनेंही कांहीं हानि केली होती, पण उजेडानें तीहून अधिक. एकाच जिभेची ही परीक्षा. प्रयोगशाळेच्या काट्यावर ती तोलूं नये, हें आम्ही जाणतों.

तिन्ही चहा एकाच पुडींतले हें कळल्यावर त्या माउली क्षणभर गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलाबरोबर दुकानदाराकडे पावशेर चहाची चिठ्ठी धाडली. बरणी अजून त्याच खिडकींत आहे. तींत आतां लिंबाचें लोणचें मुरत घातलें आहे, आणि त्यास ऊन फार मानवतें असें ऐकतों.