किराण्याची बचत यादीपासून

सूस (ता. मुळशी) हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. पगारावर चालणाऱ्या घरात भाडे आणि शाळेची फी ठरलेली असते. हात आवरता येतो तो किराण्यातच. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, यादी. महिनाअखेरीस डबे उघडून शिल्लक माल पाहावा व कमी असेल तेवढाच लिहावा. दोन-तीन महिने वही ठेवली की घरात तेल, डाळ, साखर नेमकी किती लागते ते कळते.

दुसरी, किलोमागे भाव. समजा, २०० ग्रॅमचे पाकीट ३८ रुपयांना आणि किलोचे १७० रुपयांना आहे. लहान पाकीट स्वस्त वाटते, पण किलोला १९० रुपये पडतात. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो.

तिसरी, एकत्र खरेदी. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून, मागणी आधी नोंदवून, महिन्याचा माल वाटण्याची पद्धत रुजवली. सूसमधील पाच-सहा घरांनाही गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून तांदूळ, डाळ एकत्र आणता येईल. मात्र टेम्पोचे भाडे हिशेबात धरावे.

वाचलेल्या पैशातून आधी दुकानाची उधारी फेडावी. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही; रोख देणाऱ्याला दहा दुकाने मोकळी असतात.