बुडबुड्यातला ऑक्सिजन कुणाचा?

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या वाट्याला हायड्रिलाचा प्रयोग आला होता. बीकरमध्ये पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांच्यावर पालथं नरसाळं आणि नरसाळ्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. बीकर उन्हात ठेवला की फांद्यांच्या कापलेल्या टोकांतून बुडबुडे निघतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते वाढतात, कारण सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो. मी सगळं नीट केलं, मिनिटाला किती बुडबुडे तेही मोजले. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “हा ऑक्सिजन कुठून आला?” मी ठामपणे म्हणाले, “सर, कार्बन डायऑक्साइडमधून. म्हणून तर सोडा टाकल्यावर वाढला.” सर म्हणाले, “चूक,” आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

चूक का, हे कळायला मला बरेच दिवस लागले. आपल्या मंडळात कला शाखेची मंडळी जास्त आहेत, पण हे कोडं विज्ञानाइतकंच तर्काचंही आहे, म्हणून इथे मांडते.

शाळेत आपण सगळ्यांनी समीकरण पाठ केलंय. कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू आणि पाण्याचे 6 रेणू, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य यांच्या मदतीने ग्लुकोजचा 1 रेणू आणि ऑक्सिजनचे 6 रेणू. बघताना असंच वाटतं की पानाने कार्बन ठेवून घेतला आणि ऑक्सिजन सोडून दिला. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं (तेवढंच माझं समाधान).

शंका घेतली ती व्हॅन नील या मूळच्या डच शास्त्रज्ञाने, 1930 च्या दशकात, कॅलिफोर्नियात. तो जांभळ्या रंगाच्या काही जिवाणूंचा अभ्यास करत होता. हे जिवाणू प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास येतो तो वायू. आणि ते ऑक्सिजन सोडत नाहीत, त्यांच्याकडे गंधक तयार होतं. आता विचार करा. कार्बन डायऑक्साइड तर तिथेही आहे. तो फुटून ऑक्सिजन सुटत असता तर या जिवाणूंकडूनही सुटला असता. गंधक आलं ते हायड्रोजन सल्फाइड फुटून, मग हिरव्या झाडात ऑक्सिजन येणार तो पाणी फुटून. 1941 साली रूबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी शेवाळाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं. बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला.

आणि गंमत म्हणजे हे आपण पाठ केलेल्या समीकरणातच अडकतं. ऑक्सिजनचे 6 रेणू म्हणजे 12 अणू. पाण्याच्या 6 रेणूंत ऑक्सिजनचे अणू फक्त 6. सगळा ऑक्सिजन पाण्यातून यायचा तर पाण्याचे 12 रेणू लागणार. खरं समीकरण तसंच आहे: डावीकडे पाणी 12, उजवीकडे पुन्हा पाणी 6. उजवीकडचं पाणी नव्याने तयार झालेलं असतं. कार्बन डायऑक्साइडमधल्या 12 ऑक्सिजन अणूंपैकी 6 ग्लुकोजमध्ये जातात आणि 6 या नव्या पाण्यात. शाळेत दोन्हीकडून सहा-सहा पाणी वजा करून समीकरण सुटसुटीत केलं, आणि नेमकी खरी गोष्ट त्या वजाबाकीत गेली.

हे सगळं घडतं पेशीतल्या हरितलवकात. त्याच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात, नाणी एकावर एक रचावीत तशा. त्यांच्या पडद्यांत हरितद्रव्य असतं. प्रकाश पडला की हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उसळून पुढे निघून जातो. ती रिकामी जागा भरायला पाण्यातला इलेक्ट्रॉन ओढला जातो. पाणी फोडण्याचं हे अवघड काम मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असलेल्या छोट्याशा केंद्रात होतं. हायड्रोजनचे आयन पिशवीत साठतात, धरणात पाणी साठावं तसे, आणि बाहेर पडताना एटीपी तयार करून देतात. इलेक्ट्रॉन शेवटी एनएडीपी नावाच्या रेणूवर चढतो आणि त्याचा एनएडीपीएच होतो. ऑक्सिजन इथेच सुटला. कार्बन डायऑक्साइडचा अजून कशाला हातही लागलेला नाही!

त्याचं काम पिशव्यांबाहेरच्या द्रवात, स्ट्रोमामध्ये चालतं. तिथे रुबिस्को हे विकर त्याला पाच कार्बनच्या साखरेला जोडतं, आणि एटीपी व एनएडीपीएच खर्चून पुढे साखर बनते. याला पुस्तकात ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हणतात. ते नाव मला पटत नाही, कारण पानात ती चालते दिवसाच.

मग सोड्याने बुडबुडे का वाढले? माझं उत्तर फसलं ते इथे. गॅसचा सिलिंडर आठवा. रिकामा परत दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. एनएडीपीएच हा भरलेला सिलिंडर. स्ट्रोमात कार्बन डायऑक्साइड असेल तर तो वापरला जातो आणि रिकामा एनएडीपी परत येतो. कार्बन डायऑक्साइड संपला की सगळे सिलिंडर भरलेलेच पडून राहतात, इलेक्ट्रॉन ठेवायला जागा उरत नाही, आणि पाणी फुटणं जवळजवळ थांबतं. म्हणजे कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजन देत नाही, फक्त वाट मोकळी करतो. 1937 मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट हिलने पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना इलेक्ट्रॉन घेऊ शकणारा लोहाचा क्षार दिला. तेवढ्याने प्रकाशात ऑक्सिजन सुटू लागला, साखर न बनताच.

घरी करून बघायचं असेल तर पाणी चांगलं उकळून, झाकून गार करा आणि त्यात हायड्रिला ठेवा. उकळल्याने पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. भर उन्हात, चहूबाजूंनी पाणी असूनही बुडबुडे जेमतेम येतात. मग चिमूटभर सोडा टाका आणि मोजायला बसा.