मुखावांचून जेवणारे जंत

ज्यास तोंड नाहीं व आंतडेंहि नाहीं, तो जीव जेवतो कसा? हा प्रश्न विद्यार्थ्यांस विनोदाचा वाटेल; परंतु पट्टकृमि नांवाच्या जंताविषयीं तो खरोखरीचाच आहे. गोमांस नीट न शिजल्यास त्यांतून मनुष्याच्या पोटांत शिरणारा पट्टकृमि ४ ते १० मीटर लांब वाढतो. लहान आंतड्यास डोक्यानें चिकटून तो आपण पचविलेल्या अन्नरसांत पडून राहतो. त्याची त्वचा हेंच त्याचें मुख होय.

ही त्वचा पूर्वीं निर्जीव कवच समजली जाई. इ. स. १९६० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तें मत बदललें. ती जिवंत असून तिजवर केसांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. पंचाच्या खरबरीत धाग्यांनीं पाणी अधिक टिपलें जातें, त्याप्रमाणें या उंचवट्यांनीं शोषणाची जागा वाढते.

मनुका पाण्यांत टाकली असतां फुगते. तेथें पाणी आपोआप आंत जातें. साखरेचें तसें नाहीं. आंत साखर अधिक असली तरी कृमि बाहेरची साखर ओढून घेतो. सोडियमचे कण आंत शिरतांना साखरेचे कण बरोबर आणतात. तें सोडियम पुन्हां बाहेर लोटण्यास कृमीस शक्ति खर्चावी लागते.

मावळांतील शेतकरी पालकांस गुरांच्या यकृतकृमीची गोष्ट अधिक जवळची वाटेल. याचीं पिल्लें पाण्यांतील गोगलगायींत वाढतात व ओल्या गवतास चिकटून गुरांच्या पोटांत जातात. यास मुख व आंतडें असतें. तरीहि तो त्वचेनें साखर शोषतोच. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी येथें १९५२ सालीं मनुष्यांत आढळलेले रक्तकृमि याच जातकुळीचे. त्यांचीहि त्वचा रक्तांतील साखर घेते.

शत्रूचें द्वार कळलें म्हणजे तें अडवितां येतें. प्राझिक्वांटेल या औषधानें पट्टकृमीची त्वचा विदीर्ण होते. गोल जंतांवरील अल्बेंडाझोलनें त्यांचें साखर घेणें खुंटतें व ते उपाशी मरतात. हीच गोळी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं शाळांतून देतात. मूल जेवूनहि खंगतें, तेव्हां त्याचा घांस दुसराच कोणी खात असण्याचा संभव असतो. म्हणून पालकांनीं ती गोळी टाळूं नये. मुलांनीं चिखलांत अनवाणी फिरूं नये, जेवणापूर्वीं हात धुवावे. आणि गोठ्यांतील जनावर रोडावल्यास पशुवैद्यास वेळेवर दाखवावें, हें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.